पाडसाला लागलेला हात

एवढा महागाचा कॅमेरा घेऊन झुडपामागं लपणारा माणूस आपण पहिल्यांदाच पाहतोय, असं रंभाबाईंनी मला पहिल्याच भेटीत ऐकवलं होतं. तेव्हापासून मी त्यांना मावशी म्हणतो. मी नेऱ्यात राहतो, आठवडाभर हिंजवडीत कॉम्प्युटरसमोर बसतो आणि रविवारी ताम्हिणीच्या रानात येतो. हौसेला मोल नसतं म्हणतात. माझ्या हौसेला दोन वर्षांत भेकरांच्या पाठमोऱ्या शेपट्यांचे दीडशे फोटो मिळाले होते. पाडसाला पाजणारी मादी मात्र एकदाही दिसली नव्हती.

मावशींची साठी उलटली आहे. पाच शेळ्या घेऊन त्या रोज डोंगराच्या अंगाला जातात आणि भेकर कुठं बसतं, कुठं पाण्याला येतं, सगळं त्यांना ठाऊक असतं. पण पाडसाची जागा त्या कुणाला दाखवत नसत. त्याचं कारण गावभर माहीत होतं, कारण ते त्यांनीच गावभर केलं होतं.

चौदा वर्षांपूर्वी त्यांचे मालक भिवाजी गवत कापायला गेले असताना एक पाडस सापडलं. भिवाजींनी त्याच्या पाठीवरून हात फिरवला आणि मावशींना हाक मारली. मावशी शेळ्यांतल्या जाणत्या. पोरक्या करडाला दुसऱ्या शेळीखाली लावायचं, तर आधी त्या शेळीचंच दूध त्याच्या अंगाला चोळायचं. वास जुळला तरच ती पाजते, हे त्यांनी जन्मभर केलेलं. माणसाचा वास लागला, आता आई याला घेणार नाही, असं त्यांनी ठरवलं आणि पाडस घरी आणलं. शेळीचं दूध पाजलं, गोधडीत ठेवलं. चौथ्या दिवशी ते गेलं. तीन संध्याकाळ मादी घरामागच्या उतारावर भुंकत होती. “ह्यांनी हात लावला म्हनून गेलं त्ये,” हे वाक्य भिवाजींनी पुढं बारा वर्षं, म्हणजे मरेपर्यंत, ऐकून घेतलं.

यंदा मार्चमध्ये मावशींचाच फोन आला. त्यांच्या खाचराच्या वरच्या अंगाला पाडस दिसलं होतं. हात लावणार नसाल तरच या, असं त्यांनी बजावलं, आणि मी लगेच शपथ घेतली.

पाडस करवंदीच्या जाळीखाली वाळक्या गवतात बसलं होतं. अंगावर पांढरे ठिपके, कान मिटलेले, हालचाल नाही. नेमकं एक वाळकं पान त्याच्या डोळ्यावर पडलं होतं. डोळा दिसला नाही तर फोटोला काय अर्थ, असं वाटून मी हात लांब केला आणि पान उचललं. माझं बोट त्याच्या कपाळाला लागलं. अति शहाणा त्याचा बैल रिकामा, दुसरं काय!

मावशींनी पाहिलं. ओरडतील असं वाटलं होतं, पण त्या मटकन खालीच बसल्या. आता हे पोरकं झालं, म्हणाल्या. जंगलातली आई एवढ्यानं पिल्लू टाकत नाही असं मी वाचलं होतं, ते सांगितलं. वाचणाऱ्यांनी शेळ्या राखल्यात का, असं त्यांनी विचारलं. तरी पाडस उचलायला त्यांचा हात काही पुढं होईना. संध्याकाळपर्यंत थांबू या, म्हणून मी गयावया केली. शेवटी आम्ही समोरच्या उतारावर जांभळीच्या आडोशाला जाऊन बसलो.

चार तास झाले. मला माझीच लाज वाटत होती. फोटो मिळेल की नाही, हे मी खरोखर विसरलो होतो.

उन्हं उतरल्यावर मादी आली. थांबत, कान फिरवत जाळीपाशी गेली आणि पाडसाला हुंगत राहिली. कपाळ तर तिनं फार वेळ हुंगलं. मावशींनी माझं मनगट घट्ट धरलं होतं. मग तिनं तेच कपाळ चाटायला सुरुवात केली. पाडस लटपटत उठलं आणि तिच्या पोटाखाली शिरलं.

मी धडाधड फोटो काढले. ती दोघं निघून गेल्यावर आनंदानं कॅमेरा मावशींपुढं धरला. मावशी बराच वेळ बघत राहिल्या.

“चाटतीया,” त्या म्हणाल्या.

“घेतलं तिनं, मावशी.”

“मंग आमचंबी घेतलं आसतं की.”

माझा आनंद तिथंच विरला. मावशीच सांगू लागल्या. पाडस होतं तिथंच राहू दे, आई येईल, असं भिवाजी त्या दिवशी म्हणाले होते. मावशींनी त्यांना गप्प बसवलं होतं. नंतर भिवाजींनी तो विषय कधी काढला नाही.

खाली आलो तेव्हा शेजारच्या सगुणाबाई दारात तांदूळ निवडत होत्या. पाडस दिसलं का, म्हणून त्यांनी विचारलं. दिसलं, आई पण आली, असं मी सांगितलं. मावशी पुढं निघाल्या होत्या, त्या माघारी वळल्या.

“सगुणा, त्ये मागलं पाडस ह्यांच्या हातानं न्हाई गेलं,” त्या म्हणाल्या. “मी घरी आनलं म्हनून गेलं. समद्यांना सांग.”