शमुवेलचा वऱ्हाडी अल्बम

शमुवेलच्या खोलीत पाय ठेवला की तो आधी पंखा बंद करायचा. अकोल्याचा मे महिना, गाणं रेकॉर्ड करताना आवाज घुमू नये म्हणून भिंतींवर गोधड्या टांगलेल्या, आणि हा म्हणणार, "माइकात घरघर येते बे. घाम आला तं पुसजो, पन आवाज करू नको."

अमरावतीच्या कॉलेजात आम्ही एका खोलीत राहिलो. मी दर्यापूरकडच्या बौद्ध घरातला, घरातला पहिला पदवीधर, आता शाळेत मास्तर. तो अकोल्याच्या ख्रिस्ती वस्तीतला. त्याची माय दवाखान्यात आया होती. तिघा मित्रांच्या गटात तो हिंदीत येशूची रॅप गाणी म्हणायचा. माय गेली आणि त्यानं गट सोडला. स्वतःचा पहिला अल्बम करायचा, तोही वऱ्हाडीत, असं त्यानं ठरवलं.

गटातले मित्र म्हणाले, "पागल झाला का? वऱ्हाडी आयकली की लोकं हासतेत. कॉमेडी वाटते."

"माय मेली तवा मी हिंदीत रडलो का बे?" शमुवेल म्हणाला. "मंग देवासंग कायले पाहुण्यासारखं बोलू?"

त्याच्या चर्चच्या पाळकसाहेबांनाही धाकधूक होती. चर्चमध्ये प्रार्थना म्हणजे शुद्ध, पुस्तकी मराठी. घरी 'इकडं ये वं' म्हणणारा माणूसही तिथं उभा राहिला की 'हे परमदयाळू स्वर्गीय पित्या' असंच सुरू करणार. तरी रविवारच्या उपासनेत, शेवटच्या प्रार्थनेआधी, अल्बममधलं एक गाणं ऐकवायला त्यांनी परवानगी दिली.

आदल्या दिवशी शमुवेल मला म्हणाला, "लोकं हासले तं अल्बम काढत नाही मी. माह्यावर हासू दे, मायवर हासलेलं चालत नाही."

रविवारी मी शेवटच्या बाकावर बसलो. म्युझिक सुरू झालं.

"रातपाळी सरली, माय घरी आली,
दुखणाइताची घाण तिनं हातानं काढली,
मंग म्हणे, येसू, तू बी टेक ना जरा..."

पोरं फिसकन हसली. मग बायका हसल्या. पाळकसाहेबांनी मान खाली घातली.

शमुवेलनं हात वर करून म्युझिक थांबवायला लावलं. वाटलं, उतरला आता खाली. पण तो म्हणाला, "हासा. माय बी हासे असं म्हणून. पन पुढचं आयकून घ्या." आणि म्युझिकशिवाय, नुसत्या आवाजात, त्यानं तीच ओळ परत म्हटली, अन् तिच्यापुढची:

"मंग म्हणे, येसू, तू बी टेक ना जरा,
रातभर माह्यासंगं उभा, दमला अशीन पुरा."

या वेळी कोणी हसलं नाही. मग तो पूर्ण गाणं तसंच म्हणत गेला. पुढच्या बाकावरच्या एका आयाबाईनं पदर तोंडाला लावला.

शेवटची प्रार्थना योहानकाकांची असते. मंडळीत सगळ्यात वडील तेच. काठी टेकत ते उभे राहिले. "हे परमदयाळू..." म्हणाले आणि थांबले. पुढचं त्यांना पाठ होतं, सगळ्यांनाच पाठ होतं. काकांनी डोळे मिटले.

"देवा, याच्या मायले म्या पाह्यलं. लय राबली थे. तुह्याजवळ बसव तिले. अन् या पोराचं गाणं घरोघरी जाऊ दे."

सगळ्या चर्चनं आमेन म्हटलं. मीही म्हटलं, मोठ्यानं.

त्याच संध्याकाळी शमुवेलनं अल्बम बाहेर काढला. माझ्या वर्गातल्या पोरांना मी तो ऐकवतो, आणि हा माझा दोस्त आहे, हे आधी सांगतो.