हरणीमागचं ध्यान

हसणार नसाल तर सांगतो. न्हाय, हसणारच तुम्ही, पण निदान हातातला चहा तरी संपवा. ह्या कोल्हापुरात एका माणसानं तोंडातनं एक शब्द न काढता म्हैस विकत घेतली. तो माणूस म्हणजे मी. आणि घेतली हे मला दुसऱ्या दिवशी कळलं!

झालं असं, की तेव्हा माझा राग लई वाईट होता. ऑफिसात फाईल आपटायची, घरात ताट. डॉक्टर म्हणाले, "बीपी वाढलाय, डोकं थंड ठेवा." कसं ठेवायचं ते काय त्यांनी सांगितलं न्हाय. शेवटी बायकोनं मला तीन दिवसांच्या ध्यानाच्या शिबिराला पाठवलं. वर दम दिला, "फरक पडला नाही तर मी चालले जयसिंगपूरला, माहेरी."

शिबिरात गुरुजींनी चालायचं ध्यान शिकवलं. नजर खाली. पाऊल उचललं, तिकडं लक्ष. पाऊल टेकलं, तिकडं लक्ष. विचार करायचा न्हाय, बोलायचं न्हाय. कोण बोललंच तर नुसतं प्रेमानं हसायचं.

आता हे मंगळवार पेठेत करायचं, ते पण संध्याकाळी सहाला! मी पाऊल उचललं की मागनं हॉर्न. "ओ पावणं, झोपेत चाललाय काय?" एकानं तर स्कूटर लावली आणि म्हणाला, "काय पडलंय? मी पण हुडकू लागतो की!" मी प्रेमानं हसत होतो, पण जिभेवर शिव्या नाचत होत्या.

चौथ्या दिवशी वाट सापडली. पेठेतली आक्का रोज त्याच वेळेला आपली म्हैस तळ्यावर धुऊन घरी न्यायची. म्हशीचं नाव हरणी. चाल अशी, की गुरुजींनी बघून शिकावी! आणि म्हशीला कोण हॉर्न देतंय? दिला तर ती ऐकतीय होय? रिक्षा, टेंपो, सगळे गपगुमान बाजूनं जायचे. मी हरणीच्या मागं लागलो. तिच्या खुरांवर नजर ठेवायची, ती थांबली की थांबायचं. काय समाधान म्हणता! आठ दिवसांत एक ताट आपटलं न्हाय मी.

आता म्हैस घेणारं गिऱ्हाईक काय करतं? मागनं चालत जातं, चाल बघतं, पाय बघतं, कास बघतं. हे मला ठाऊक नव्हतं का? कोल्हापुरात जन्म गेला, ठाऊक असणारच की! पण विचार करायचा नव्हता ना.

आक्काचा नवरा बापू. त्याला हरणी विकून जुनी मोटरसायकल घ्यायची होती. आक्का म्हणायची, "आदी मला विका, मग तिला." आणि अशात रोज एक माणूस खुरं बघत मागं यायला लागला! आक्काला वाटलं, नवऱ्यानं गुपचूप गिऱ्हाईक लावलं. बापूला वाटलं, देव पावला.

नवव्या दिवशी बापू गोठ्याच्या दारातच उभा. "काय पावणं, पसंत हाय न्हवं?"

मी प्रेमानं हसलो.

त्यानं खांद्यावरचा टॉवेल माझ्या हातावर टाकला आणि खालनं माझी बोटं दाबली. जनावराच्या बाजारात भाव असाच ठरतो, टॉवेलाखाली, बोटांनी. मला मात्र वाटलं, काय माया हाय बघा आपल्या माणसात! गुरुजी म्हणाले होते, स्पर्शाकडंही पूर्ण लक्ष द्या. मी पाचही बोटांनी, अगदी मनापासून दाबलं. बापूच्या डोळ्यांत पाणी आलं. माझ्यापण!

दुसऱ्या दिवशी सकाळी बायकोची आरोळी. "अहो! म्हैस घेतलीय म्हणं तुम्ही!"

खाली बघतो तर हरणी माझ्या स्कूटरला बांधलेली, कपाळावर कुंकू. शेजारी बापू, मागं सगळी गल्ली. झालं! आठ दिवसांचं ध्यान एका मिनिटात पाण्यात. मी बोंबललो, "म्हैस घेतली न्हाय मी! ध्यान करत होतो!"

बापू म्हणाला, "म्हशीचं?"

"न्हाय हो! चालण्याचं!"

"मग हात दाबलासा का न्हाय?"

"दाबला."

"मग झालं की! शब्द म्हंजे शब्द."

तेवढ्यात आक्का पुढं आली. रडून डोळे सुजलेले. हरणीच्या मानेवर हात ठेवून मला म्हणाली, "एवढीशी रेडी हुती, तवापासनं सांभाळलीया मी. न्या. पर धारंच्या आदी गुळाचा खडा देत जावा. त्याबिगर पान्हा सोडत न्हाय ती."

हे ऐकलं आणि माझा रागबिग सगळा गेला. गल्लीसमोर हात जोडले आणि शिबिरापासनं टॉवेलापर्यंत सगळं सांगून टाकलं. लोक पोट धरून हसत होते, बापू तेवढा हलेना. "शब्द दिलाय ह्यांनी," एवढंच.

तेव्हा बायको जिना उतरून आली. "बापू, शब्द दिला ते खरं. पण ह्यांच्या शब्दाला आमच्या घरात कोण विचारत नाही, तुम्ही कशाला धरताय?"

आता बापूलापण हसू आवरेना. त्यानं दावं सोडून आक्काच्या हातात दिलं.

मी लाजेनं रस्ता बदलला. चार दिवसांनी आक्का दारात. "पावणं, रागावलासा व्हय? हरणी तुमच्याबिगर चालत न्हाय. रस्त्यात थांबून मागं बघतीया. तुम्ही मागं हुता तवा कशी गप चालायची, दूध पण वाढलंतं."

बायकोनं मला वरनं खालपर्यंत बघितलं. "बघा! एवढं ध्यान केलं तुम्ही, गुण आला म्हशीला. पुढच्या शिबिराला तिलाच पाठवा. तोवर तुमच्या नाकात वेसण घालते मी."