छातीच्या उंचीला

एस्नार्ट उंचीने जेमतेम साडेचार फूट. बाजारात तिला 'अर्धी बाई' म्हणत, आणि तीही ओ द्यायची. पण गावचं जंगल मोजायला माणूस हवा होता, तेव्हा मान तिलाच मिळाला. तिचं अक्षर मोत्यासारखं होतं, आणि सांगितल्या कामात ती आपली अक्कल घालत नसे.

शहरातल्या साहेबांनी गावाशी बोली केली होती. जंगल तोडायचं नाही, त्याचा कोळसा पाडायचा नाही. दूरदूरच्या गिरण्यांचा धूर झाडं ओढून घेतात आणि खोडात धरून ठेवतात. खोड जितकं जाड, तितका धूर अडवलेला. त्या बदल्यात गावाला बोअरवेल, पुढे दवाखाना. सगळ्यांनी माना डोलावल्या. भट्ट्या मोडाव्या लागल्या त्या एकट्या योतामूला, एस्नार्टच्या नवऱ्याला. आम्हा न्सेंगा लोकांत नवराच बायकोच्या गावी नांदायला येतो. जावई कामाला आपला आणि भांडणात परका, ही आमची जुनीच खोड आहे. योतामूने वीस वर्षांचा धंदा सोडला आणि मुकाट्याने मका पेरला.

शिकवायला आलेल्या साहेबाने स्वतःच्या छातीवर थाप मारली. "हे बघा, छातीच्या उंचीला फीत गुंडाळायची. वर नाही, खाली नाही." एस्नार्टने आपली छाती पाहिली आणि तीन आठवडे प्रत्येक झाडाला तिथंच फीत गुंडाळली. खोड खाली जाड असतं, हे कोळसेवाल्याच्या बायकोला कळत नव्हतं असं नाही. पण छाती म्हणजे छाती.

चार वर्षांनी फेरमोजणीला कचेरीतून माब्वुटो नावाचा ताडमाड माणूस आला. एस्नार्ट त्याची वही धरून उभी राहिली. पहिल्याच झाडाला त्याने फीत गुंडाळली ती तिच्या डोक्याच्या उंचीवर. वर खोड बारीक, आकडे कमी भरणार, हे तिला तेव्हाच समजलं. दिवसभर ती आकडे लिहीत राहिली, अक्षर जराही हललं नाही.

महिन्याभरात पत्र आलं: आकडे पहिल्यापेक्षा कमी भरले. जंगलातली जाड झाडं चोरून तोडली गेली आहेत. चोर समोर आला नाही तर बोली मोडली.

एस्नार्ट मामाकडे गेली. सांडिकोंडा मामा गावचा मुखिया. अंगणात शेंगा फोडत बसला होता.

"मामा, झाडं कुणी तोडली नाहीत. मी बुटकी, माझी फीत खाली गेली. चूक माझी आहे."

मामाचे हात थांबले. "म्हणजे पहिले आकडे खोटे?"

"हो."

"मग बोअरवेल कशाच्या जोरावर आला? तो उपटून नेतील, पोरी. दवाखाना तर विसरच. आणि लोक तुला इथं राहू देतील?" त्याने पुन्हा शेंगा फोडायला घेतल्या. "जावई गेला तर दुसरा बघू. तू गप्प बस."

ती गप्प बसली. सांगितलेलं करायची सवयच होती.

दुसऱ्या दिवशी दुपारी सभा भरली. गावात कोळसा कोण पाडायचा, हे विचारायची गरजच नव्हती. "कोळसा उगाळावा तितका काळाच," एक म्हातारी म्हणाली आणि बायका हसल्या. एस्नार्टही त्यांच्यातच बसली होती. मामाने विचारलं, "काय जावईबापू, झाडं तुम्ही तोडली?"

योतामूने टोपी काढली. "मीच तोडली."

लोकांना हायसं वाटलं. सूर्य मावळायच्या आत जावयाने गाव सोडायचं ठरलं.

घरी तिने त्याचे दोन सदरे गुंडाळले, घोंगडी बांधली. आपल्याला काहीच का वाटत नाही, याचं तिला नवल वाटत होतं. दातांच्या डॉक्टरने सुई टोचल्यावर गाल जसा होतो, तशी ती सगळीच झाली होती.

"तोडली असं का म्हणालात? एक फांदी तरी तोडलीत का?"

योतामू सायकलला गाठोडं बांधत होता. "टिसाची आई, तुला जेवण द्यायला जंगलात मीच यायचो ना? फीत कुठं गुंडाळत होतीस, ते बघितलं होतं मी."

"मग तेव्हाच का नाही बोललात?"

"पहिल्यांदाच कुणी तुला बाई-साहेब म्हणत होतं. म्हटलं, असू दे."

"आणि आज?"

"मला जायला माझ्या आईचं गाव आहे." त्याने गाठ ओढून पाहिली. "तुला हे एकच गाव आहे."

एस्नार्टने मान हलवली. तो सायकल हातात धरूनच निघाला आणि मक्याच्या पलीकडे दिसेनासा झाला. रडू येईल म्हणून ती थोडा वेळ उभी राहिली. आलं नाही.

आत त्यांची मुलगी टिसा चुलीपाशी मक्याचं पीठ घेऊन बसली होती. तिने विचारलं, "आई, न्शिमा किती जणांचा टाकू?"

"दोघींचा," एस्नार्ट म्हणाली.