‘योग्य वाटेल ते द्या’

सोमवार, १६ जून २०२५. हातात पडणारा पगार महिना १८,६५० रुपये. मरोळच्या आमच्या कंपनीत स्टोअर क्लार्कची जागा रिकामी झाली होती आणि हा आकडा मी वरून मंजूर करून आणला होता. जागा धरून ठेवली होती ती जान्हवी धुरीसाठी. मुलुंड पूर्वेच्या आमच्या इमारतीत ती समोरच्या दारात राहते. माझ्या बायकोला, वनमालाला, ती वहिनी म्हणते, म्हणून मी भाऊ.

एप्रिलमध्ये जान्हवीची शाळा बंद झाली. शाळा मराठी माध्यमाची, विनाअनुदानित, आणि शेवटी शेवटी वर्गात मुलांपेक्षा बाकं जास्त. संस्थेने निरोपाचा कार्यक्रम करून शिक्षकांना शाली दिल्या आणि कुलूप लावलं. पाचवी ते सातवीला गणित आणि विज्ञान शिकवण्यात तिचं निम्मं आयुष्य गेलं होतं. नवरा नंदकिशोर भांडुपच्या एका छापखान्यात आहे. त्याच्या एकट्याच्या पगारात घराचा हप्ता आणि मुलाचा डिप्लोमा बसत नव्हता. म्हणून त्या सोमवारी मी तिच्याशी जागेचं बोललो.

तिने नीट ऐकून घेतलं. मग म्हणाली, "भाऊ, तीस तारखेपर्यंत थांबाल? तोवर एक जरी शिकवणी लागली तर मी शिकवणारच. एक लागली की दुसरी आणता येते. नाहीच लागली तर एक तारखेपासून तुमचे नटबोल्ट मोजायला येईन."

"मोजणं काही वाईट नाही," मी म्हणालो.

"वाईट कुठे म्हटलं? पण नटबोल्टला विचारता येत नाही ना, कळलं का म्हणून."

मी थांबायचं कबूल केलं.

नाक्यावरच्या स्टेशनरीवाल्याने तिचा कागद काचेवर लावून घेतला. सोसायटीच्या आणि माहेरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर मजकूर फिरला. फोन आले. हल्ली शिकवणी लागण्याआधी डेमो द्यावा लागतो. एक तास फुकट शिकवायचं, आई किंवा वडील बाजूला मोबाईल बघत बसतात पण कान इकडेच असतात. मुलाने मान हलवली तर पुढचं बोलणं.

पहिला डेमो मुलुंड पश्चिमेला झाला, दुसरा आमच्याच बी विंगमध्ये, तिसरा घाटकोपरला. तिन्ही ठिकाणी मुलं खूश होती. तिन्ही ठिकाणी "कळवतो" असं सांगण्यात आलं आणि कुणीही कळवलं नाही.

जान्हवीने दोष आपल्या इंग्रजीला दिला. "सगळी इंग्लिश मीडियमची पोरं. मी तिथे छेद म्हणते आणि ती माझ्या तोंडाकडे बघतात," असं म्हणून तिने पाठांतर सुरू केलं. संध्याकाळी तिच्या स्वयंपाकघरातून भाकरी थापल्याचा आवाज यायचा आणि त्याच्या तालावर डिनॉमिनेटर, न्यूमरेटर, परिमिटर. मलाही तेच कारण खरं वाटत होतं. ऑफिसात मी स्टोअरच्या मॅनेजरला तिची कागदपत्रं तयार ठेवायला सांगितलं.

कारण वेगळं होतं, आणि ते वनमालाला लिफ्टमध्ये कळलं. बी विंगची उत्तरा भेटली. तिच्या निधीला जान्हवीने डेमो दिला होता. वनमालाने सरळ विचारलं, "काय गं, आमची जान्हवी पसंत नाही पडली?"

"अहो, शिकवतात झकास! निधी रोज विचारते, मॅडम कधी येणार. पण मी फी विचारली तर म्हणाल्या, तुम्हाला योग्य वाटेल ते द्या. आता मी काय देणार? कमी दिलं तर त्यांचा अपमान, जास्त दिलं तर आम्ही येडे. आमच्या ह्यांना वाटलं, नवीनच असणार, रेट पण माहीत नाही. घातलं मग तिला क्लासला."

वनमाला घरात आलीच नाही. मला दारातूनच हे सांगून, चपला घालून तशीच समोरच्या दारात गेली. मी मागोमाग.

"जान्हवी, तिन्ही ठिकाणी फीचं काय बोललीस गं?"

"काय बोलणार? म्हटलं, योग्य वाटेल ते द्या."

वनमालाने कपाळावर हात मारून घेतला.

"मग काय भाव करू वहिनी? मी काय बांगडे विकायला बसलेय? आमच्या देवगडच्या मास्तरांनी कधी तोंड उघडून मागितलं नाही. लोक घरी आणून द्यायचे. नारळ, तांदूळ, फणस."

"इथे तुला कोण फणस आणून देणार? आणि दिला तर बँक तो हप्त्यात घेणार?"

जान्हवी हसली नाही. तिच्या वडिलांनी गिरणी बंद पडल्यावर लोकांच्या दारात उभं राहून काम मागितलं होतं, ते तिने लहानपणी पाहिलं होतं. मुलीला शिक्षिका केलं ते मागायची वेळ येऊ नये म्हणून. हे तिने आम्हाला त्या दिवशी सांगितलं, आणि सांगताना ती कणीक मळत होती म्हणून बरं झालं. आम्हाला तिच्याकडे बघावं लागलं नाही.

मी ऑफिसातल्या दोघातिघांना विचारून बाजारभाव काढला. सातवीचे दोन विषय, आठवड्याला पाच दिवस, घरी जाऊन, तर सहा ते आठ हजार. मी मधला आकडा धरला.

"सात?" जान्हवी म्हणाली. "बाई गं! सात कुणी देतं का?"

"तू आधी मागून तर बघ," वनमाला म्हणाली आणि आमच्या सोफ्यावर पाय दुमडून, पालक होऊन बसली. "हां मॅडम, फी किती?"

"सात हजार. पण तसं काही नाही, कमी चालेल."

"परत."

"सात हजार."

वनमालाने नुसत्या भुवया वर केल्या.

"बरं, पाच द्या," जान्हवी म्हणाली.

"अगं बये, मी अजून श्वास पण घेतला नाही! दोन हजार गेले तुझे!"

नंदकिशोर दारात उभा राहून हसत होता. तो म्हणाला, "माझ्याकडे भाजीचे पैसे मागताना आवाज कसा वरच्या पट्टीत लागतो? तोच लाव ना!" त्याला त्याच्या घरात पिटाळलं गेलं. सराव चार दिवस चालला. साडेसहा हजारांपर्यंत ती टिकायची. पुढे जीभ वळायची नाही.

सत्तावीस तारखेला कांजूरमार्गहून फोन आला. संघमित्रा वानखडे, बँकेत अधिकारी. मुलगी प्रांजल, सातवी. डेमो शनिवारी संध्याकाळी. तीस तारखेला सोमवार, म्हणजे हा शेवटचाच.

शनिवारी जान्हवी परत आली ती थेट आमच्याकडे. पाणी पिऊन तिने जे सांगितलं ते असं.

तास बरा झाला. प्रांजलला अपूर्णांकांचा भागाकार नको असायचा. तिला पोळीचे तुकडे करून दाखवले. पोळी संघमित्राबाईंनीच आणून दिली. तास संपल्यावर बाई म्हणाल्या, "मॅडम, एक आधीच सांगून ठेवते. आधीचे सर सुट्ट्या फार मारायचे. ऑगस्टअखेर हिची युनिट टेस्ट आहे. नेमके गणपती. तेव्हा सुट्टी चालणार नाही."

"गणपतीत मी देवगडला असते," जान्हवी म्हणाली. "आठ दिवस. त्यात बदल होणार नाही. जायच्या आधी दोन रविवार जास्तीचे घेईन आणि टेस्टचा भाग पुरा करून जाईन."

"असं म्हणालीस?" वनमालाने विचारलं.

"मग? गणपतीला जाऊ का म्हणून कुणाला विचारायचं असतं?"

कोकणातला माणूस गणपतीला जायची परवानगी मागत नाही, तारीख कळवतो. मी छत्तीस वर्षं रजेचे अर्ज पाहतोय, त्यात हा फरक स्पष्ट दिसतो.

संघमित्राबाई हसल्या. "बरं झालं स्पष्ट बोललात. आम्ही पण दसऱ्याला नागपूरला जातो, दीक्षाभूमीला. माझ्या सासूबाईंनी एक वर्ष चुकवलेलं नाही. तेव्हा चार दिवस तुम्ही मोकळ्या. आणि फी?"

"सात हजार," जान्हवी म्हणाली. गणपतीचा आवाज अजून घशातच होता, त्यातच ते निघून गेलं, असं तिचं म्हणणं.

"सहा नाही होणार?"

"वहिनी, मी तिथे जीभ दाताखाली धरून बसले. ह्यो पंखो फिरता तेवढोच आवाज." मग तिने बाईंना मान हलवून सांगितलं, "नाही."

आतून प्रांजल ओरडली, "आई, दे ना यार! ह्या ओरडत नाहीत!"

"तू गप," संघमित्राबाई म्हणाल्या. मग जान्हवीला म्हणाल्या, "मंगळवारी एक तारीख आहे. पाच वाजता या."

वनमालाने तिला धरून गदागदा हलवलं. जान्हवी एवढंच म्हणाली, "आवाज बसला गं माझा," आणि सोफ्यावर टेकली.

सोमवारी मी मरोळला जाऊन स्टोअरची जागा मोकळी असल्याचं कळवलं. मॅनेजरने तिची तयार ठेवलेली कागदपत्रं माझ्या हातात परत दिली.

आता नोव्हेंबर चालू आहे. जान्हवीच्या चार शिकवण्या आहेत. बी विंगच्या निधीला दिवाळीनंतर क्लासमधून काढून तिच्याकडे घातलं, सात हजारांतच. गणपतीत ती आठ दिवस देवगडला जाऊन आली आणि प्रांजलला टेस्टमध्ये वीसपैकी सतरा मिळाले. माझ्या निवृत्तीला चार महिने राहिले. स्टोअरच्या जागी आणखी कुणाला पाहू, असं मॅनेजर अजून विचारतो, कारण तिथे माणूस टिकत नाही.

जुलैअखेर संघमित्राबाईंनी पहिल्या महिन्याची फी पाकिटात घालून दिली. घरी येऊन मोजली तर साडेसहा हजार. तेवढ्यात बाईंचाच मेसेज आला, "पाचशेची नोट कमी होती, उद्या पाठवते." दुसऱ्या दिवशी त्या विसरल्या. त्यानंतरच्या महिन्यांचे पूर्ण सात हजार वेळेवर येतात. वनमाला आठवड्यातून एकदा विचारते, "मागितलेस?" जान्हवी म्हणते, "सांगेन हो."

ते पाचशे रुपये अजून येणे आहेत.