ग्राफिक्स कार्डाचा कौल

गेल्या रविवारी सकाळी लांज्याजवळच्या आमच्या गावी, ग्रामदेवतेच्या देवळात, मी कौल लावायला रांगेत उभा होतो. माझ्या पुढच्या काकूंना बोअरिंगला पाणी लागेल का, ते देवाला विचारायचं होतं. आणि मला विचारायचं होतं, ग्राफिक्स कार्ड कुठलं घेऊ...

हसू नका. आठ महिने झाले होते. आयुष्यातला पहिला गेमिंग पीसी, तोही एकेक पार्ट स्वतः निवडून जोडायचा, आणि माझं काही म्हणजे काही ठरत नव्हतं.

मी रत्नागिरीत, मिरजोळ्याला एका कंपनीत क्वालिटीला आहे. दिवसभर मालातल्या चुका काढायच्या, तीच खोड घरी. प्रोसेसर ठरला की मदरबोर्ड पटायचा नाही. मोठं कार्ड घ्यावं तर पॉवर सप्लाय मोठा हवा, तो घेतला की कॅबिनेटमध्ये हवा खेळेल का याची धास्ती...

त्यात यूट्यूबवाले सगळे धुळीबद्दल बोलणार. अरे बाबांनो, आमच्या रत्नागिरीत पावसाळ्यात कपाटातल्या पट्ट्याला बुरशी येते, त्याचं काय करू? या विचारात मी जाळीचं कॅबिनेट चार वेळा यादीत घातलं आणि चार वेळा काढलं.

हा सगळा खटाटोप निल्यासाठी होता. निलेश, माझा शाळेपासूनचा मित्र. दहावीनंतरच्या सुट्टीत आम्ही दोघं स्टँडजवळच्या सायबर कॅफेत गेम खेळत पडीक असायचो. दोन वर्षांपूर्वी तो नोकरीसाठी जर्मनीला गेला. तिकडे रविवारी दुकानंसुद्धा बंद असतात, दिवस खायला उठतो, असं आठ महिन्यांपूर्वी एकदा म्हणाला. तेव्हा मीच छाती ठोकून सांगितलं, थांब, पीसी बनवतो, दर रविवारी ऑनलाइन खेळू.

सुरुवातीला तो दर रविवारी फोन करून विचारायचा, "झाला का रे?" मी त्याला अर्धा तास पॉवर सप्लायवर लेक्चर द्यायचो. मग हळूहळू त्याने विचारणंच बंद केलं. "कामात आहे, नंतर बोलू..." एवढाच मेसेज यायला लागला. मला आतून धडकी भरली होती. हा मित्र माझ्या हातून निसटतोय हे कळत होतं, आणि तरी मी कार्डांची तुलनाच करत बसलो होतो!

शेवटी सचिनदादाने, म्हणजे माझ्या मामेभावाने, निर्वाणीचा मेसेज टाकला. तो शिमग्याला मुंबईहून गाडी घेऊन येणार होता, येताना सगळे पार्ट आणणार होता. सोमवारपर्यंत यादी नाही दिलीस तर मी मोकळा, म्हणाला.

आई माझ्या येरझारा बघून वैतागली होती. "मेल्या, लग्नाला मुलगी बघताना पण एवढं कोणी करत नाय! चल देवळात, कौल लावूया आणि काय ते एकदाचं संपव." आमच्याकडे घर बांधण्यापासून सोयरिकीपर्यंत सगळं देवाला विचारतात. मी इतका कातावलो होतो की निमूट गाडीवर बसलो.

माझा नंबर आला. गुरवकाकांनी देवाला दोन्ही बाजूंना फुलाच्या ओल्या पाकळ्या चिकटवल्या. उजवी पडली तर मोठं कार्ड, डावी पडली तर लहान, असं मी सांगायला लागलो. आठ जीबी, बारा जीबी, पुढच्या पाच वर्षांचा विचार... मागे कोणीतरी फिस्सकन हसलं.

काकांनी हात वर केला. "थांब रे. देवाला सरळ सांगायचा असता. ता कशाला हवाय तुला?"

"मित्रासोबत खेळायला," मी म्हटलं.

"मग त्या मित्राला विचारलंस?"

आईशप्पथ... आठ महिन्यांत शेकडो व्हिडिओ बघितले, अनोळखी लोकांशी कमेंटमध्ये भांडलो, आता देवाच्या दारात उभा होतो. आणि निल्याला एकदाही विचारलं नव्हतं. काका म्हणाले, "आधी त्याला विचारून ये. मग लावू कौल." आईने कपाळावर हात मारून घेतला.

बाहेर पायरीवर बसून फोन लावला. तिकडे नुकतं उजाडलं होतं. निल्या झोपेत होता. मी विचारलं, आपण नक्की खेळायचं काय?

"अरे, तोच आपला जुना, गाड्यांच्या शर्यतीचा. माझ्याकडे कॉलेजातला लॅपटॉप आहे, त्यावर दुसरं काय चालणारे?"

त्या गेमला मोठं कार्ड सोडा, लहान कार्डसुद्धा जास्त झालं असतं. मी हसणार होतो, पण तो पुढे म्हणाला, "अव्या, मी आठ महिने रविवारी संध्याकाळी कुठेच जात नाही. वाटतं, आज तुझा पीसी झाला असेल..."

डोळे भरून आले, खोटं कशाला सांगू?

दहा मिनिटांत साधी यादी करून दादाला पाठवली. काकांना सांगून आलो की कौल नको. ते फक्त "बरा झाला" म्हणाले आणि पुढच्या माणसाकडे वळले.

पार्ट बुधवारी आले, जोडायला दोन दिवस गेले. एक पंखा उलटा लागलाय, वायरी लोंबतायत, क्वालिटीवाला म्हणून मी हा माल कधीच पास केला नसता. आज पहिल्यांदा खेळलो. मी पहिल्याच वळणावर गाडी आपटली आणि निल्याने मला रत्नागिरीतली एक अस्सल शिवी हासडली. मग खो खो हसत सुटला. दोन वर्षांत त्याला असं हसताना ऐकलं नव्हतं.

गुरवकाका, तुमचे उपकार. आणि निल्या, तू हे वाचशीलच... तुला फार ताटकळत ठेवलं रे. सॉरी.