खांद्यावरचा हात

पनवेलच्या एसटी स्टँडामागे बॅनर बनवणारा तो माणूस कधी मान वर करत नसे. गिऱ्हाईक आलं की फक्त माउस थांबवायचा. म्हणजे बोला.

मी वडिलांच्या तेराव्यासाठी फोटो मोठा करायला गेलो, तेव्हा माझ्याआधी कामोठ्याचे एक कार्यकर्ते होते. वाढदिवसाच्या बॅनरवरच्या एका शुभेच्छुकावर बोट ठेवून म्हणाले, "याला उडव. आता आपल्यात नाही." मला वाटलं, वारला. त्याने गट बदलला होता. बॅनरवाल्याने स्क्रीनवर त्या चेहऱ्यावर काळा ब्रश फिरवला, चेहरा दिसेनासा झाला.

"डिलीटच करा ना," मी म्हणालो.

"कापलं का गेलं. मास्क लावून नुसतं झाकायचं. मानसं परत येतात."

मग माझा फोटो. काकांच्या लग्नातला, वडिलांच्या खांद्यावर काकांचा हात. जमिनीच्या वाटणीनंतर दोघं बोलत नव्हते. "तो हात नको," आईने बजावलं होतं.

"कोनाचा?" त्याने विचारलं.

"काकांचा."

दुसऱ्या खांद्याचा शर्ट वेगळ्या लेयरवर, म्हणजे वरच्या थरात घेऊन त्याने हात झाकला.

अंत्ययात्रेलाही न आलेले काका तेराव्याला आले. फोटोसमोर बराच वेळ उभे राहिले. मग आईला हळूच म्हणाले, "वहिनी, माझा हात कुठाय?"

संध्याकाळी आईने मला फोटो घेऊन पुन्हा त्या दुकानात पाठवलं.

त्याने माउस थांबवला. मान वर न करता विचारलं, "आले काका?"