मापाची कडी

बाजारात त्यांचं खरं नाव कुणाला ठाऊक नव्हतं. कॅमेऱ्याच्या लेन्स दुरुस्त करणारे हे गृहस्थ कुठलीही वस्तू हातात घेतली की आधी म्हणायचे, "सूतभर फरक आहे." म्हणून लोकांनी त्यांना सूतभर मिस्त्री करून टाकलं. बायको चिडवायची, "भाजीत मीठ सूतभर कमी आहे म्हणालात तर ताट उचलून ठेवीन." मिस्त्री गालातल्या गालात हसायचे आणि मुकाट्याने जेवायचे.

दुकान म्हणजे जिन्याखालची एक खोली. खिडकीशी टेबल, त्यावर जाड कापड, खिळ्यांना टांगलेले बारीक स्क्रू ड्रायव्हर. अलीकडे त्यांच्याकडे ॲडॅप्टरचं काम जास्त यायचं. जुनी लेन्स नव्या कॅमेऱ्यावर बसत नाही, मध्ये धातूची एक कडी लागते, तोच ॲडॅप्टर. त्याची जाडी अगदी बरोबर असावी लागते. केसभर कमी भरली, तर लेन्सवर दोन मीटरचा आकडा लावूनही स्पष्ट येतं ते त्याच्या मागचं.

ही जाडी मिस्त्री एका पितळी कडीवरून ठरवायचे. उस्तादांनी काम शिकवून निरोप देताना ती त्यांच्या हातावर ठेवली होती आणि ते म्हणाले होते, "हिला सासूसारखी सांभाळ. हिचा शब्द खाली पडू द्यायचा नाही." एकतीस वर्षं मिस्त्रींनी तो पडू दिला नव्हता. मापाचा काटा आधी पितळी कडीवर शून्याला लावायचा, मग तिच्या जागी गिऱ्हाइकाचा ॲडॅप्टर ठेवायचा. काटा शून्यावरच राहिला की काम फत्ते.

एका सकाळी नकाशेवाल्या बाई तिसऱ्यांदा दुकानात आल्या. सत्तरीच्या, सडसडीत. भूमापन कचेरीत नकाशे काढण्यात त्यांचा जन्म गेला होता. वडिलांची जुनी लेन्स त्या नव्या कॅमेऱ्यावर वापरायच्या. डोळ्यांत मोतीबिंदू उतरल्यामुळे पडद्यावर बघून फोकस जमत नसे, म्हणून टेपने अंतर मोजून लेन्सवर तो आकडा लावायच्या. ॲडॅप्टर मिस्त्रींनीच बनवून दिलेला होता.

पहिल्यांदा बाई तक्रार घेऊन आल्या तेव्हा मिस्त्रींनी स्क्रू आवळून दिले होते. दुसऱ्यांदा त्यांनी आतल्या पातळ चकत्या काढून, पुसून परत बसवल्या. दोन्ही वेळा काटा शून्यावर. शेवटी ते म्हणाले होते, "बाई, तुमचा हात हलत असेल."

"असेल," बाई म्हणाल्या होत्या. "वय झालं आता."

आज मात्र त्यांनी पिशवीतून एक छापील फोटो काढून टेबलावर ठेवला. एका टेबलावर लांब मोजपट्टी कॅमेऱ्यापासून दूर जाईल अशी पसरली होती आणि कॅमेरा अलीकडे वह्यांच्या चळतीवर ठेवून, टायमर लावून, बटणाला हात न लावता फोटो काढला होता. आकडा लावला होता दोन मीटरचा. मोजपट्टीवर सुईसारखी स्पष्ट आलेली रेघ होती दोन मीटर तेरा सेंटीमीटरची.

"माणसाचा हात हलतो, मिस्त्री. वह्या हलत नाहीत," बाई म्हणाल्या. "मला वाद घालायचा नाही. पण हा आकडा खोटं बोलतोय."

त्या गेल्यावर मिस्त्री कामाला लागले. दुसरी लेन्स लावून पाहिली, फरक तेवढाच. दुसरा कॅमेरा लावला, तरी तेवढाच. ॲडॅप्टर एका बाजूला कलला असेल म्हणून चार ठिकाणी जाडी मोजली, चारही ठिकाणी काटा शून्यावर. म्हणजे लेन्स निर्दोष, कॅमेरा निर्दोष, ॲडॅप्टरही निर्दोष, आणि फोटो चुकीचा. मिस्त्रींचं डोकं चालेना.

दुसऱ्या दिवशी ते मेव्हण्याच्या लेथच्या कारखान्यात गेले. मेव्हण्याने हात पुसले आणि ॲडॅप्टर आपल्या यंत्राखाली धरला.

"दाजी, हा कमी आहे. मिलिमीटरचे आठ शतांश."

"तुझं यंत्र बिघडलंय."

"गेल्या महिन्यात तपासून आलंय. तुमची ती कडी द्या बघू."

मिस्त्रींनी खिशातून फडक्यात गुंडाळलेली पितळी कडी काढून दिली. मेव्हण्याने ती एकदा मोजली, फिरवून पुन्हा मोजली. मग आवाज खाली आणून तो म्हणाला, "दाजी, हीसुद्धा आठ कमी आहे."

मिस्त्री स्टुलावर बसले. पितळ मऊ. एकतीस वर्षं त्यांनीच तिला दिवसातून दहादा काट्याखाली ठेवलं होतं, फिरवलं होतं, चकचकीत पुसलं होतं. त्यांच्याच हाताने ती झिजली होती, आणि ती जसजशी झिजत गेली तसतसा प्रत्येक ॲडॅप्टर तिच्या मागोमाग पातळ होत गेला. पूर्वी ते खिडकीतून लांबच्या पाण्याच्या टाकीवर लेन्स लावून आकडा ताडून पाहायचे, त्यामुळे चूक दुकानाबाहेर जात नव्हती. चार वर्षांपूर्वी समोर इमारत उभी राहिली, टाकी दिसेनाशी झाली. तेव्हा त्यांनी मनाशी म्हटलं होतं, उस्तादांची कडी आहे, तिला काय धाड भरलीय.

"यात एवढं काय," मेव्हणा म्हणाला. "येतील तसे गुपचूप नीट करून द्या. कुणाच्या बापाला कळणार नाही."

घरी त्यांनी बायकोला सगळं सांगितलं. कामांची वही तीच लिहायची. तिने वही उघडून चार वर्षांतली नावं मोजली. त्रेचाळीस भरली.

"भाऊ म्हणतो ते ठीक," ती म्हणाली. "पण जे परत येणारच नाहीत, त्यांचं काय?"

दुपारी ते नकाशेवाल्या बाईंच्या घरी गेले.

बाईंनी दार उघडलं. आतल्या खोलीत एक लोखंडी खाट होती, गादी गुंडाळून ठेवलेली. खाटेसमोर खुर्ची, आणि खुर्चीच्या पायाशी फरशीवर खडूची खूण.

"बाई, तुमचा हात हलत नव्हता," मिस्त्री उभ्या उभ्याच म्हणाले. "माझी मापाची कडी झिजली होती. ती तपासायची सोडून मी तुमच्या हाताला नाव ठेवलं."

बाई कपाटाकडे गेल्या आणि एक खोका घेऊन आल्या. आत फोटो होते, शे-दीडशे तरी. प्रत्येकात तीच खाट, तीच उशी, तोच म्हातारा माणूस. उशीच्या अभ्र्याची शिवण टाक्यान् टाका मोजता यावी इतकी स्पष्ट. कानही स्पष्ट. डोळे मात्र सगळ्या फोटोंत पुसट.

"आमचे हे," बाई म्हणाल्या. "अंग लुळं पडल्यावर पाच महिने इथे होते. मी रोज एक फोटो काढायची. खुर्चीपासून त्यांच्या डोळ्यांपर्यंत टेप लावायची. ते विचारायचे, आज किती मीटर? मी म्हणायची, कालच्याएवढेच."

मिस्त्रींनी हे काहीच विचारलं नव्हतं. बाईंनी दुकानात फक्त आकड्याची तक्रार केली होती.

"मला वाटायचं, मी आतून घाबरलेली आहे म्हणून हात थरथरतो. त्यांनाही तसंच सांगितलं. शेवटच्या आठवड्यात म्हणाले, तू फार घाबरतेस गं, मला एवढं काही होत नाहीये." बाईंनी खोक्याचं झाकण लावलं. "म्हणजे हात हलत नव्हता?"

"नाही."

"आता हे कुणाला सांगू मी?"

बाईंनी खोका परत कपाटात ठेवला.

"तुम्ही येऊन सांगितलंत, बरं केलंत," बाई शेवटी म्हणाल्या. "पण आज तुम्हाला बसा म्हणवत नाही मला."

मिस्त्री मान खाली घालून जिना उतरले.

पुढचे दोन महिने नवीन काम बंद. ज्यांचे फोन लागले त्यांना फोन, नाहीतर पत्र. एकजण ताडताड बोलला. एकाने हसून सोडून दिलं, त्याला आजवर फरकच कळला नव्हता. सव्वीस ॲडॅप्टर परत आले. बाकीच्यांचा पत्ता लागला नाही, वहीत त्यांच्या नावापुढे बायकोने "कळवणे आहे" असं लिहून ठेवलं. मेव्हण्याने पोलादाची नवी कडी करून दिली. दर तीन महिन्यांनी मिस्त्री ती त्याच्याकडे मोजायला नेऊ लागले. शिवाय प्रत्येक ॲडॅप्टर गावाबाहेरच्या माळावर नेऊन लांबच्या टाकीवर ताडून पाहायचे. लोक म्हणायचे, मिस्त्री फिरायला लागले वाटतं. ते हो म्हणायचे.

बाईंचा ॲडॅप्टर दुकानातच होता. तयार झाला तेव्हा मिस्त्रींचा पाय उचलेना, म्हणून बायको घेऊन गेली. ती दोन तासांनी परतली. चपला काढल्या, पाणी प्यायली.

"त्यांनी बसवून घेतलं," ती म्हणाली. "सगळे फोटो एकेक करून दाखवले."

मिस्त्री हातातलं काम थांबवून ऐकत राहिले.

"डोळे दिसत नाहीत नीट. पण माणूस हसरा होता, एवढं कळतं," ती म्हणाली, आणि पदराने तोंड पुसून आत गेली.